दहानंतरची उसंत

पहिल्याच गोळीत घूस मेली होती. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आमच्याकडच्या घुशी मांजरापेक्षा थोराड असतात, माणसाला भीत नाहीत, उन्हात मागच्या पायांवर उभ्या राहून शेजारणीसारख्या इकडेतिकडे बघतात. तशी ती लेट्यूसच्या वाफ्यात उभी होती आणि मग आडवी झाली. संपलं, असं मला वाटलं. हातात झोशाच्या दुधाचा पेला होता, तो ओट्यावर ठेवेपर्यंत दुसरी झाली, तिसरी झाली. रोमन, माझा नवरा, मागच्या पायरीवर पाय फाकवून, पोलिसांच्या प्रशिक्षणात शिकवतात तसा उभा होता आणि मेलेल्या जनावरात गोळ्या घालत होता. घाई नव्हती, रागही दिसत नव्हता, भिंतीत खिळे ठोकावेत तसं एकसारखं चाललं होतं. त्याच्या डावीकडे दहा पावलांवर, वाळूच्या हौदात झोशा होती. चार वर्षांची. तिने कानांवर हात ठेवले होते आणि हातातलं प्लास्टिकचं फावडं कानाशी तसंच उभं राहिलं होतं. मी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि मोजू लागले. का मोजू लागले ते मला सांगता येणार नाही. आठ, नऊ, दहा. दहानंतर तो थांबेल हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आमच्या घरात काय आहे ते ठाऊक असूनही, कारण न्यू जर्सीत एका मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या चालतात, दहानंतर थांबावं लागतं. रिकामं मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीतून खाली पाडायचं, खिशातून दुसरं काढायचं, सरकवायचं, तेवढ्यात तीन-चार श्वास जातात. तेवढ्यात मी पायऱ्या उतरून, मुलीला काखोटीला मारून पुन्हा आत आले असते. कडी मी अर्धी उचललीसुद्धा. अकरा. बारा. मधे उसंत नव्हती. सतरा होईपर्यंत मी आतच उभी होते. मी, तिची आई.

नंतर तो वळला आणि हसला. पाहुण्यांनी यायला उशीर केला की माणूस हसतो, तसं. झोशाला म्हणाला, आता तुझं लेट्यूस कुणी खाणार नाही. झोशा लेट्यूस खात नाही.

समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला असावा, कारण आठ मिनिटांत पोलिसांची गाडी आली. गाडीतून उतरला तो टेरी हॉलोरन, आल्डर फेरीच्या ठाण्यातला सार्जंट. नऊ वर्षं रोमन त्याच्या हाताखाली होता आणि झोशाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा राहिला होता तोही टेरीच, तिचा धर्मपिता म्हणून. तो आला, वाफ्यापाशी गेला, टोपी मागे सारून त्या चिखलाकडे बघत राहिला. गावाच्या हद्दीत गोळी झाडणं गुन्हा आहे. मी खिडकीत उभी राहून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. एका माणसाच्या चेहऱ्यावर कायदा कधी उगवतो ते मला बघायचं होतं. टेरी म्हणाला, "एवढ्या गोळ्या घातल्यास, रोमन, आता हिला लष्करी इतमामात पुरायचं की काय?" दोघं हसले. मी कॉफी केली. साखर किती घालायची तेसुद्धा मला पाठ आहे, त्याला दोन चमचे आणि दुधाचा थेंब नाही. जाताना त्याने झोशाच्या गालाला बोट लावलं आणि ती माझ्या मांडीच्या मागे गेली. तो म्हणाला, लाजते. समोरच्या बाईला त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळी तिने आमच्याकडे पाहून हात हलवला, जरा जास्तच.

मला राग येतो तो मागाहून येतो, कपडे घडी करताना वगैरे. त्या दुपारी रोमनच्या मोज्यांच्या जोड्या लावताना मला आठवला तो केक. नोव्हेंबरात एका पावसाळी संध्याकाळी रोमनने बाजाराच्या वाहनतळावर एका म्हाताऱ्याला गाडीतून उतरवून डांबरावर पालथं झोपवलं होतं. गाडीच्या क्रमांकातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता, बाकी काही नाही. चाळीस मिनिटं म्हातारा पाण्यात पडून होता आणि चाळीस मिनिटं रोमनचं पिस्तूल त्याच्या मानेवर रोखलेलं होतं. क्रमांक चुकलाय हे बिनतारीवर तीनदा सांगून झालं तरी. टेरीने येऊन त्याचं मनगट धरलं तेव्हा तो म्हणे झोपेतून उठल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला. चौकशी झाली असती तर हे सगळं कागदावर आलं असतं. म्हणून त्याला राजीनामा द्यायला लावला, 'वैयक्तिक कारणांसाठी', आणि ठाण्यात केक कापला. निळं क्रीम, वर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. मी झोशाला कडेवर घेऊन टाळ्या वाजवल्या. सगळ्या बायका मला मिठ्या मारत होत्या, टेरीची बायको डोरीन कानात म्हणाली, आपली माणसं आपल्या माणसांना सोडत नाहीत गं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. आता ते वाक्य घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं आहे, भात खाऊन जात नाही, पाणी पिऊन जात नाही.

केकच्या दुसऱ्या दिवशी टेरी घरी येऊन खात्याचं पिस्तूल घेऊन गेला. जेवणाच्या टेबलावर त्याने तीन मॅगझिन मोजली, कागदावर टिकमार्क केले, रोमनने सही केली. पण बिल्ला होता तेव्हा रोमनने स्वतःचं एक पिस्तूल घेतलं होतं आणि त्याची चार मॅगझिन, एकेकात सतरा काडतुसं मावणारी. ती कपडे धुण्याच्या यंत्रावरच्या फळीवर, साबणाच्या खोक्यामागे होती. टेरीला ठाऊक होतं, कारण दोघांनी ती एकाच दुकानातून एकाच शनिवारी घेतली होती. त्याने विचारलं नाही. मीही कॉफी ओतत राहिले. बिल्ला होता तोवर त्या चार डब्या नुसत्या लोखंडाच्या होत्या. राजीनाम्याच्या कागदावरची शाई वाळली आणि त्या गुन्हा झाल्या. फळीवर त्यांच्यात काही फरक पडला नाही. मीच त्यांच्याकडे पाठ करून यंत्रातले कपडे काढायला लागले.

कायदा मी वाचलेला आहे. कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकले, त्याचा संसारात एवढाच उपयोग झाला की कलमांची भाषा मला घाबरवत नाही. ग्रंथालयात झोशा चित्रांची पुस्तकं चाळत असताना मी ते कलम इतक्यांदा वाचलं की मला त्याची चव लागली, तोंडात नाणं धरल्यासारखी. दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन कुणीही बाळगू नये. आणि मग लगेच, 'हे पुढील व्यक्तींना लागू नाही.' पुढे ती यादी. कामावर असलेला सैनिक. पोलीस. कामावर नसलेला पोलीससुद्धा, सतरापर्यंत. रीतसर निवृत्त झालेला पोलीस, पंधरापर्यंत. तुरुंगावरचे पहारेकरी, अमुक, तमुक. लांबलचक यादी, लग्नाच्या आमंत्रणाची असते तशी, कुणी रुसायला नको. राजीनामा दिलेला माणूस तिच्यात नव्हता. बायकोही नव्हती. ती यादी ज्यांनी केली त्यांच्या मनात एक चित्र असणार: घरात एक पोलीस आहे आणि बाकी कुणी नाही. त्याच्या घरात कपडे कोण घडी करतं, फळीवरचं साबणाचं खोकं कोण खाली काढतं, हे त्यांनी मनात आणलं नव्हतं. माझा भाऊ दुआर्ते राष्ट्रीय रक्षक दलात आहे. त्याला मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे सराव संपला की एकेक रिकामी डबी मोजून परत घेतात, एक कमी भरली तर सगळी तुकडी गवतात ओणवी, जेवण नाही काही नाही. घरी नेली तर आईला मी भेटायचो तो तुरुंगातच. मग त्याने विचारलं, का गं इनेश? मी म्हटलं, काही नाही, वर्तमानपत्रात वाचलं.

पिस्तूल त्याचं आहे आणि ते कायदेशीर आहे, ते कुणी नेणार नाही हे मला कळतं. कोर्टात अर्ज करून तेही काढून घेता येतं, पण त्यासाठी माझा नवरा धोकादायक आहे असं मला शपथेवर म्हणावं लागेल, आणि न्यायाधीश विचारेल, त्याने काय केलं? त्याने घूस मारली. त्याने कधी माझ्यावर हात उगारला नाही. तो दुपारी झोशा झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि अंगठ्याने मॅगझिनमध्ये काडतुसं दाबून बसवतो, सतरा, आणि मग एकेक काढून रांगेत उभी करतो, आणि पुन्हा बसवतो. अंगठ्याच्या पेरावर त्याला घट्टा पडला आहे. तो आवाज मला झोपेत ऐकू येतो, सुपारी फोडल्यासारखा बारीक. मी एकदा म्हटलं, बास की. तो म्हणाला, "स्प्रिंग सैल ठेवली तर बिघडते." न्यायाधीशाला मी हे सांगणार? शिवाय शेजारच्या गावच्या पोलिसात सप्टेंबरात जागा निघणार आहे आणि टेरीने तिथे शब्द टाकला आहे. माझ्या अर्जाने ती जागा जाईल, आणि मग ती माझ्यामुळे गेलेली असेल, आणि मी त्याच घरात राहत असेन. मला पिस्तूल नको होतं, नवऱ्याची नोकरी नको होती, मला फक्त उसंत हवी होती. दहानंतरची. तीन-चार श्वासांची. कायद्याने ती इतरांच्या बायकांना दिलेली होती.

बुधवारी रोमन आपल्या आईला डॉक्टरकडे नेतो. मी तो गेल्यावर गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला, मग आणखी थोडा वेळ ऐकत राहिले. फळीवरून तीन काढली. चौथं पिस्तुलात होतं. ते कपाटातल्या पेटीत, आणि पेटीचं कुलूप झोशाच्या वाढदिवसाच्या आकड्यांवर उघडतं. पिस्तुलातून मॅगझिन कसं काढायचं हे लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच मला शिकवलं होतं, मागून हात धरून, मानेवर श्वास सोडत, आणि तेव्हा मला ते आवडलं होतं. नळीत एखादी गोळी उरली आहे का हे बघण्याचं धैर्य झालं नाही. मग मी मोरीत बसले आणि अंगठ्याने काडतुसं बाहेर सारली, ती साबणाच्या रिकाम्या डब्यात टाकली. पितळ गार होतं. काडतुसं घरात ठेवली तर गुन्हा नाही, आणि ही चार रिकामी, हलकी, झोशाच्या चपलेएवढी लोखंडं गुन्हा. मी ती तिच्या लंगोटांच्या जुन्या पिशवीत घातली आणि पिशवी गाडीत पुढच्या बाजूला ठेवली. गाडी सुरू केल्याक्षणी माझ्या लक्षात आलं की आतापर्यंत जे त्याच्या घरात होतं ते आता माझ्या गाडीत आहे. दीड वर्ष शिक्षा. चौकात लाल दिवा होता. शेजारच्या गाडीतला माणूस केळं खात होता. मागे झोशा गाणं म्हणत होती, तिला वाटत होतं आपण तलावावर चाललो आहोत.

ठाण्यातच का गेले, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला वाटलं, कायदा तिथे राहतो. शिकलेल्या बाईची ही चूक. टेरी स्वतः बाहेर आला. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं: दहापेक्षा जास्तीची चार मॅगझिन मी स्वेच्छेने जमा करते आहे, मला पोच हवी. त्याने पिशवीत डोकावलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रोमनची अंतर्वस्त्रं घेऊन बाजारात आले आहे. पोच कसली, म्हणाला. घरच्या माणसाला कुणी पोच देतं का? मी म्हटलं, मला पाहिजे. तो टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, आवाज खाली आणला. रोमनला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बरं केलंस माझ्याकडे आलीस, दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असतीस तर. आता घरी जा, मी बघतो. पिशवी त्याने उचलली, खांद्याला लावली. झोशाला त्याने काउंटरखालच्या बरणीतून गोळी दिली, लाल. बाहेर येऊन मी गाडीत बसले. मी हसत होते. अंग इतकं हलकं झालं होतं की झोशाला मी खरंच तलावावर नेलं.

ती हलकी दुपार मी आजही कुणाला देणार नाही. रोमन जेवून आला होता, त्याने कपाट उघडलं नाही, फळीकडे पाहिलं नाही. घुशीने उकरलेलं कुंपण दुरुस्त करायला तो मागे गेला, झोशा त्याला खिळे देत होती, एकेक, गंभीर चेहऱ्याने. लांबून ते दोघं कुठल्याही बापलेकीसारखे दिसत होते. मी त्याच्याबद्दल वाईट विचार करते म्हणून मला लाज वाटली. त्याला कळेल, तो ओरडेल, मी सांगेन, तो दहाची घेईल, एवढंच. मी कांदा चिरत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांद्याचं होतं असं म्हणायला हरकत नव्हती.

पाच वाजता पुढच्या दाराची घंटा वाजली. टेरी होता, गणवेशात, गाडी रस्त्यातच उभी. हातात ती पिशवी. लंगोटांची, कोपऱ्यात बदकाचं चित्र असलेली. त्याने ती माझ्या हातात दिली, मीही घेतली. कुणी काही पुढे केलं की बायका घेतात. वजनावरून मला कळलं, चारही आत होती.

"पोरी, मी रोमनला काही बोललो नाही आणि बोलणार नाही," तो म्हणाला. "जिथून काढलीस तिथे ठेव. चार महिन्यांचा तर प्रश्न. सप्टेंबरात त्याच्या अंगावर पुन्हा बिल्ला चढेल."

मी म्हटलं, तोपर्यंत हा गुन्हा आहे. तो थकल्यासारखा हसला. रात्रपाळीत दारुड्याला समजावताना तो असाच हसत असेल.

"कायदा बाहेरच्यांसाठी असतो. तू बाहेरची आहेस का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगला माणूस. झोशाच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा हा रडला होता. त्याच्या मागे रस्ता होता, समोरची बाई आपल्या कुंड्यांना पाणी घालत होती आणि आमच्याकडे बघणं टाळत होती. घरामागून हातोडीचे आवाज येत होते, एक, एक, एक. माझ्या मनात ती यादी आली, आणि तिच्यात माझं नाव नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. सूट त्याला होती, कारण तो पोलीस. रोमनला होती, कारण टेरी होता. या दारात ज्याच्यावर कायदा पुरेपूर लागू होतो असं एकच माणूस उभं होतं. मी ॲप्रनच्या खिशातून फोन काढला. क्रमांक मला पाठ होता, ग्रंथालयातल्या त्या पानाच्या तळाशी तो छापलेला होता, जिल्ह्याच्या सरकारी वकिलांच्या कचेरीचा. आल्डर फेरीचा नव्हे. टेरीला वाटलं मी रोमनला हाक मारण्याऐवजी फोन करते आहे, त्याने हात पुढे केला, नको, असं म्हणत.

पलीकडे बाईचा आवाज होता, दमलेला, जेवणाआधीच्या तासाचा. मी माझं नाव सांगितलं, इनेश विसोत्स्की, पत्ता सांगितला. म्हटलं, मी पोलीस नाही, सैनिक नाही, आणि माझ्या हातात सतरा काडतुसांची चार मॅगझिन आहेत. तिने विचारलं, तुमच्याकडे ती कशी आली? मी म्हटलं, सकाळी मी ती ठाण्यात जमा केली होती. आत्ता सार्जंट टेरेन्स हॉलोरन यांनी ती मला परत आणून दिली. ते माझ्यासमोर उभे आहेत.

टेरीचा चेहरा आधी नुसता बंद झाला. मग त्याने पिशवीचा बंद धरला. ओढला नाही, नुसता धरला, पण त्याची बोटं पांढरी झाली. बिल्ला असलेल्या माणसाने बिल्ला नसलेल्या बाईच्या हातात काय दिलं हे त्याला आता दिसत होतं. सकाळपासून आतापर्यंत त्याने मला माणूस म्हणून मोजलंच नव्हतं, रोमनची फळी म्हणून मोजलं होतं. "फोन ठेव," तो म्हणाला. अगदी हळू. "इनेश, तू त्याचा सत्यानाश करते आहेस." मी दुसरा हातही पिशवीवर ठेवला, फोन खांदा आणि कानात दाबून. बदकाच्या चोचीपाशी आमची बोटं लागून होती. हातोडी थांबली.

घरामागून रोमनने विचारलं, कोण आलंय गं? त्याची पावलं पायरीवर वाजली, झोशाची छोटी पावलं त्याच्या मागे. मला वाटलं आता बाई विचारेल, तुमच्या नवऱ्याचं नाव काय, तो कुठे नोकरीला होता, तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं. मी उत्तरं जुळवत होते.

"बाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला थकवा गेला होता, "या क्षणी घरात आणखी कोण आहे?"

आल्डर फेरीत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. केक कापताना नाही, मॅगझिन मोजताना नाही, चिखलाकडे बघत हसताना नाही. मी पिशवी सोडून दिली, दोन्ही हातांनी, ती टेरीकडे गेली आणि त्याच्या छातीवर आपटली. ती आता त्याच्या हातात आहे असंही मी फोनवर सांगितलं. मग मी वळले आणि धावले, स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे, रोमनच्या बाजूने, त्याच्या चकित तोंडाकडे न पाहता, आणि मुलीला उचललं.

"माझी मुलगी," मी म्हटलं. "ती माझ्याजवळ आहे."